पेन्सिल नोंद

पेन्सिलीला दाब कळतो. बॉलपेन हलकं धरा की दाबून, रेघ तीच येते. फार तर पानाच्या मागे वळ उठतात. पेन्सिलीचं तसं नाही. बोटं सैल सोडली की अक्षर करडं उमटतं, टेकून लिहिलं की काळंभोर. एकाच ओळीत ‘असं असावं’ आणि ‘असंच आहे’ हे दोन्ही वेगवेगळं दाखवायची सोय दुसऱ्या कुठल्या साधनात आहे? खोडता येतं म्हणून पेन्सिल आवडते, असं बहुतेक जण सांगतात. मला तिचं हे फिकं-गडद अधिक मोलाचं वाटतं. खोडायची वेळ पुष्कळदा येतच नाही. शंकेने लिहिलेलं फिकं राहतं आणि वर्षांनंतर वही उघडली तरी कळतं, की इथे लिहिणाऱ्याची खात्री नव्हती.

*

घरात भिंग असेल तर पेन्सिलीची रेघ एकदा त्याखाली धरून पाहा. नुसत्या डोळ्यांना सलग दिसणारी रेघ तिथे तुटक निघते. कागदाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांच्या उंचवट्यांवर काळे, किंचित चकाकणारे कण अडकलेले असतात आणि खळग्यांत कागद कोराच राहिलेला असतो. खरखरीत कागदावर पेन्सिल चांगली का उठते आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर का घसरते, ते एका नजरेत समजतं.

ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील याने १७७९ साली हे दाखवून दिलं. तोवर लोक त्याला शिशाचाच एक प्रकार समजत. त्याचे अणू पातळ थरांत रचलेले असतात. एका थरातली बांधणी भक्कम, दोन थरांमधली पकड मात्र ढिली. कागदावर घासलं की थर सुटतात आणि तंतूंना धरून बसतात. शाई तंतूंच्या आत मुरते, ग्रॅफाइट वरच थांबतं, म्हणून रबराला ते उचलता येतं. पण ते पाण्यात विरघळत नाही आणि उन्हाने विटत नाही, म्हणून पावसाला आणि काळाला ते सहजी पुसता येत नाही. ठेवायचं की घालवायचं, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहतं. पेन्सिलीबद्दल मला जे काही म्हणायचं आहे, ते बहुतेक यातच येतं.

*

इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगराळ भागात बॉरोडेल नावाचं खोरं आहे. सोळाव्या शतकात तिथे घट्ट, शुद्ध ग्रॅफाइटचा साठा सापडला. मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करत. मग तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायला त्याचा उपयोग होऊ लागला, तशी किंमत चढली आणि खाणीवर पहारे बसले. १५६५ साली झुरिकच्या कोनराड गेस्नरने जीवाश्मांवरच्या आपल्या पुस्तकात लाकडी नळीत बसवलेल्या अशा लेखणीचं चित्र छापलं. पेन्सिलीचं इतकं जुनं चित्र रानोमाळ हिंडून झाडं-प्राणी टिपणाऱ्या माणसाच्या पुस्तकात सापडावं, हे मला फार योग्य वाटतं. हिंडणाऱ्याला दौत सांभाळता येत नाही.

आजची पेन्सिल मात्र लढाईतून आली. फ्रान्स आणि ब्रिटन यांचं युद्ध पेटल्यावर फ्रान्सला बॉरोडेलचं ग्रॅफाइट मिळेनासं झालं. निकोला-जाक काँते याने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळून, कांड्या वळून, त्या भट्टीत भाजून काढल्या. १७९५ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. यातली खरी कमाई पुढची आहे. माती वाढवली की शिसं कठीण आणि फिकं होतं, कमी केली की मऊ आणि काळं. म्हणजे ‘किती काळं’ हे आता खाणीच्या नशिबावर राहिलं नाही, मळणाऱ्याच्या हाती आलं. दुकानात आपण ‘एचबी द्या’, ‘४बी आहे का’ असं विचारतो, तेव्हा काँतेच्या मातीचं प्रमाण विचारत असतो.

*

अमेरिकेतल्या काँकर्ड गावी हेन्री डेव्हिड थोरोच्या वडिलांचा पेन्सिलीचा कारखाना होता. थोरोने स्वतः त्यात काम केलं, ग्रॅफाइट अधिक बारीक दळायची आणि मातीत मिसळायची रीत सुधारली. त्याच थोरोने मेनच्या जंगलात जाताना बरोबर काय काय घ्यावं याची लांबलचक यादी दिली आहे. तीत पेन्सिल नाही. पेन्सिलीचा इतिहास लिहिणाऱ्या हेन्री पेट्रोस्की या अभियंत्याने हे टिपलं आहे. सदैव खिशात असलेली वस्तू यादीत लिहायची कुणाला आठवण होते?

*

पश्चिम रेल्वेने डहाणू, घोलवड मागे टाकलं की उंबरगाव रोड येतं. हद्द गुजरातची, पण महाराष्ट्र इथून हाकेच्या अंतरावर. डोम्सच्या पेन्सिली या उंबरगावच्या. लाकूड मात्र फार लांबून येतं. भारतातल्या पेन्सिलींचं पॉप्लर प्रामुख्याने काश्मीरचं. पुलवामा जिल्ह्यातलं ऊखू हे गाव तर पेन्सिलीचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. ओंडके चिरून तिथे चपट्या पट्ट्या करतात, सुकवतात आणि त्या कारखान्यांकडे रवाना होतात.

पुढचं काम बघण्यासारखं असतं. पट्टीवर शेजारी शेजारी अर्धगोल खाचा पाडायच्या. सरस लावायचा. प्रत्येक खाचेत शिशाची एकेक कांडी निजवायची. तशीच खाचा पाडलेली दुसरी पट्टी वर उपडी ठेवायची आणि दाबात धरून सुकू द्यायची. मग वरून आणि खालून पाती फिरतात आणि त्या जाड फळीतून आठ-दहा षट्कोनी पेन्सिली सुट्या होतात. रंगाचे हात त्यानंतर, एकावर एक. ठसा सगळ्यांत शेवटी.

दोन पट्ट्या नीट जुळल्या नाहीत की शिसं मधोमध बसत नाही. अशा पेन्सिलीला कितीही जपून टोक काढा, एका बाजूला लाकूड शिशावर चढतं आणि टोक मोडतं. मुलाच्या हाताला बोल लावण्याआधी पेन्सिलीचं बूड पाहावं. काळा ठिपका केंद्रात नसेल तर दोष मुलाचा नाही. पेन्सिल उंचावरून पडली की आतलं शिसं जागोजागी तडकतं, वरून काही दिसत नाही. मग टोक काढताना तुकडे गळत राहतात. म्हणून कंपासपेटी आपटू नये, एवढंच.

मुंबईच्या हिंदुस्थान पेन्सिल्सची नटराज १९५८ पासूनची. तांबडे-काळे पट्टे असलेली ती पेन्सिल आणि नंतर आलेली अप्सरा, या दोघींनी कितीतरी पिढ्यांना मुळाक्षरं गिरवून दिली. पाश्चात्त्य चित्रांत पेन्सिल बहुधा पिवळी असते. आपल्या मनातली मात्र पट्ट्यांची.

*

तलाठी दप्तरातली एक जुनी रीत मला फार शहाणपणाची वाटते. जमिनीची खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की त्याची नोंद आधी फेरफाराच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये होते. पण फेरफार नोंदवला म्हणजे हक्क बदलला असं नाही. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला मुदत असते, हरकत आली तर सुनावणी होते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात किंवा रद्द. या मधल्या काळात त्या गटाच्या सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. प्रमाणित झाला की शाईने.

सातबारा बघणाऱ्याला त्या फिक्या आकड्यावरून सगळं समजे. काहीतरी चालू आहे, अजून ठरलेलं नाही. ही जमीन घेणार असाल तर आधी चौकशी करा. नोंद दडवलेली नाही आणि निकालही आधीच दिलेला नाही. जमिनीवरून भावाभावांत वितुष्ट येतं अशा राज्यात, ‘ठरायचं आहे’ ही अवस्था कागदावर प्रामाणिकपणे दाखवायला कुणीतरी पेन्सिल योजली, याचं मला कौतुक वाटतं. आता सातबारा संगणकावर निघतो आणि खाली ‘प्रलंबित फेरफार’ असा रकाना असतो. पेन्सिलीचं काम तो करतो.

याच्या उलट परीक्षांचं. उत्तरांचे गोल काळे करायला पूर्वी एचबी पेन्सिल सांगत. उत्तरपत्रिका तपासणारी सुरुवातीची यंत्रं तर ग्रॅफाइटमधून वीज वाहते या गुणावरच चालत. आता बहुतेक ठिकाणी काळं बॉलपेन लागतं आणि ते बरोबरच आहे. जिथे एकदा दिलेलं उत्तर नंतर कुणालाही बदलता येऊ नये, तिथे शाईच हवी. पेन्सिलीची बाजू घेणाऱ्यानेही हे मान्य केलं पाहिजे.

*

मराठी शब्दकोडं सोडवणाऱ्याला पेन्सिल लागते ती इंग्रजी कोडं सोडवणाऱ्यापेक्षा जास्त. तिकडे एका चौकटीत एक अक्षर, विषय संपला. आपल्याकडे चौकटीत अक्षर येतं ते काना-मात्रा-वेलांटीसकट, कधी जोडाक्षर होऊन. आडव्या शब्दावरून ‘क’ आहे एवढं समजतं, पण तो ‘का’ की ‘की’ की ‘क्य’ हे उभा शब्द सुटल्याशिवाय ठरत नाही. अशा वेळी नुसता फिका ‘क’ लिहून पुढे जायचं. मग खालून ‘काजवा’ आला की काना द्यायचा आणि अक्षर गडद करायचं. ह्रस्व-दीर्घाचा घोळ वेगळाच. आडव्यात पहिली वेलांटी आणि उभ्यात दुसरी असं झालं की कोडं रचणाऱ्याने सूट घेतली आहे की आपला शब्दच चुकला आहे, हे ठरेपर्यंत वेलांटी थांबवून ठेवावी लागते. शाईच्या पेनाने असं अर्धं अक्षर लिहायचं धाडस होत नाही.

वर्तमानपत्राचा कागद मऊ आणि पातळ. त्यावर एचबीचं तासलेलं टोक टोचतं, रबर फिरवलं की कागद फाटतो किंवा छपाईची शाई पसरते. २बी घ्यावी, टोक थोडं बोथट होऊ द्यावं, खाली पुठ्ठा ठेवावा. रबर पांढरं, मऊ.

सुडोकूचं तर कुळच पेन्सिलीचं. १९७९ साली डेलच्या ‘पेन्सिल पझल्स अँड वर्ड गेम्स’ या मासिकात ते पहिल्यांदा आलं. ते रचणारे हॉवर्ड गार्न्स हे इंडियानापोलिसचे निवृत्त वास्तुविशारद. जपानमध्ये निकोली या प्रकाशनाने ते १९८४ पासून छापायला घेतलं आणि सुडोकू हे नाव तिथलं. चौकटीच्या कोपऱ्यात बारीक आकडे मांडायचे, शक्यता एकेक करून खोडत जायच्या आणि शेवटी उरलेला आकडा मधोमध ठसठशीत लिहायचा. मोबाइलवरच्या सुडोकूतही हे बारीक आकडे लिहायचं बटण असतं आणि त्यावर चित्र असतं ते बहुतेकदा पेन्सिलीचंच. पण मोबाइल चूक झाली की लगेच लाल करून दाखवतो. कागद तसं करत नाही. चूक स्वतःला सापडेपर्यंत ती तिथे राहते, आणि ती शोधून काढण्यातच कोड्याचा निम्मा आनंद आहे.

*

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. महाराष्ट्रात चित्रकलेच्या या ग्रेड परीक्षांना बसलेल्यांना ही दोन नावं पुरेशी आहेत. समोर स्टुलावर कळशी, शेजारी एखादं फळ, मागे कापडाच्या चुण्या. पहिल्यांदा कागदाला हातच लावायचा नाही. हात कोपरात न वाकवता समोर ताणायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा. पेन्सिलीचं टोक कळशीच्या काठाशी आणायचं, अंगठा सरकवत बुडाशी. तेवढी लांबी अंगठ्यात पकडून पेन्सिल आडवी करायची. कळशी उंचीपेक्षा रुंद आहे की अरुंद, ते आता कळतं. कोपर जरा वाकलं की माप खोटं.

मुलांना हे शिकवतात तेव्हा पेन्सिल लिहायचं साधन राहत नाही, बघायचं साधन होते. मुलाला कळशी ‘माहीत’ असते, म्हणून तो माहीत असलेली कळशी काढतो. काठ पूर्ण गोल, बूड सपाट. अंगठा आणि पेन्सिल त्याला सांगतात, की इथून काठ लंबवर्तुळ दिसतो आणि बूडही थोडं वळलेलं आहे. मग फिक्या रेघेने मध्याचा उभा अक्ष, त्याच्या दोन्ही अंगांना सारखी अंतरं, फिकीच लंबवर्तुळं, त्यांना जोडणारे बाक. या साहाय्यक रेघा शेवटपर्यंत चित्राखाली असतात. चांगले चित्रकला-शिक्षक त्या सगळ्या पुसून टाका असं सांगत नाहीत. कळशी कशी उभी राहिली, हे त्यांच्यावरूनच समजतं.

दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात म्हणून पुष्कळ मुलं बसतात. गुणांसाठी का होईना, एका वस्तूकडे तासभर बघायला मिळतं. शाळेच्या बाकी वेळापत्रकात ही संधी कुठे आहे?

*

काकासाहेब कालेलकरांनी सांगितलेली आठवण. १९१५ साली मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन होतं. गांधीजी काहीतरी शोधत होते, अस्वस्थ होऊन. काय हरवलंय विचारलं तर म्हणाले, पेन्सिल. छोटीशी. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली, तर ती नको. वेळ मोडू नका, नंतर शोधू, असं म्हटलं तरी ऐकेनात. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ती त्यांना प्रेमाने दिली होती. ती हरवून चालणार नव्हतं. दोघांनी मिळून शोधली. सापडली ती जेमतेम दोन इंचांची.

ही गोष्ट बहुधा काटकसरीचा धडा म्हणून सांगतात. मला त्यात काटकसर दिसत नाही. मुलं देतात त्या गोष्टी अशाच असतात: पेन्सिलीचा तुकडा, खडा, पीस. त्या मुलाच्या हिशेबात ती मोठी देणगी होती आणि घेणाऱ्याने ती त्याच्याच हिशेबाने घेतली. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेबांनी ही बारीकशी गोष्ट पाहिली आणि लिहून ठेवली, हे आपलं भाग्य.

*

व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट: अंतराळात चालणारं पेन बनवायला अमेरिकेने कोट्यवधी डॉलर उधळले, रशियाने पेन्सिल वापरली. पेन्सिलप्रेमींनी तरी ही पुढे पाठवू नये. नासाही आधी पेन्सिलीच वापरत होती. १९६५ साली तिने ३४ यांत्रिक पेन्सिली प्रत्येकी १२८.८९ डॉलरला घेतल्या, त्यावरून ओरडही झाली. ते पेन पॉल फिशरच्या कंपनीने स्वतःच्या पैशाने तयार केलं आणि १९६९ साली सोव्हिएत रशियानेही तेच विकत घेतलं. कारण साधं आहे. यानात टोक मोडलं तर तुकडा खाली पडत नाही, तरंगत राहतो. ग्रॅफाइटमधून वीज वाहते. तो कण यंत्राच्या आत शिरला तर संकट. शिवाय लाकूड आणि शिसं दोन्ही जळणारं.

*

आंबोलीला जुलैच्या पावसात बेडूक बघत हिंडणारे अभ्यासक वहीत पेन्सिलीने लिहितात. प्राणिसंग्रहांत नमुने अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेले असतात आणि बरणीत सोडायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची जुनी पद्धत आहे. साधी शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि चिठ्ठी कोरी होते. चिठ्ठी गेली की नमुना कुठून, केव्हा आणला, हे गेलं, आणि मग तो नमुना असून नसल्यासारखा.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रं चाळायला मराठी इतिहासाचे अभ्यासक जातात. तिथे वाचनकक्षात पेन नेता येत नाही, पेन्सिलच. मूळ कागदावर चुकून रेघ उमटली तरी कायमची इजा होऊ नये म्हणून. पेन्सिल एका जागी टिकते म्हणून लागते आणि दुसऱ्या जागी निघते म्हणून. दोन्ही कामं एकाच एचबीची.

*

सुताराची पेन्सिल चपटी असते. उतरत्या छपरावर किंवा फळीवर ठेवली तरी घरंगळत नाही, आणि तिचं शिसंही रुंद, चौकोनी. पटाशीने टोक काढतात, निमुळतं नाही, छिन्नीच्या धारेसारखं. ती धार गुण्याला लावून ओढली की फळीवर बारीक, नेमकी रेघ येते. करवत रेघेच्या कुठल्या बाजूने चालवायची, हे ज्याला ठाऊक तो सुतार.

*

अनेक शाळांत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत पेन. मुलांना पेन मोठेपणाचं वाटतं, ते मिळावंच. पण त्या दिवसापासून पेन्सिल फक्त आकृत्यांपुरती उरते, हे मला पटत नाही. गणिताचं कच्चं काम, निबंधाचा पहिला खर्डा, पुस्तकाच्या समासातली खूण, या सगळ्याला पेन्सिलच बरी. पाचवीतल्या मुलाला अजून कितीतरी गोष्टी ‘बहुधा’ या पायरीवर माहीत असतात. पेनाने त्या एकदम ‘नक्की’ कराव्या लागतात, मग पांढरा द्रव फासून झाकाव्या लागतात.

*

सुलेखन शिकणाऱ्यांसाठी एक युक्ती, कट निब नसेल तर. दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून रबरबँडने दोन ठिकाणी घट्ट बांधाव्यात, दोन्ही टोकं कागदाला एकदम टेकतील अशा. जोडीचा कोन ठरवून घ्यावा आणि अक्षर पुरं होईपर्यंत बदलू नये. एक मोठा ‘अ’ काढून पाहावा. दोन समांतर रेघा येतात. त्या कुठे एकमेकींपासून लांब जातात, कुठे जवळ येऊन एकमेकींत मिसळतात. जाड आणि बारीक कुठून येतं, ते छापील पुस्तकात बघून समजत नाही, इथे हाताला समजतं. मनगट वळलं तर लगेच दिसतं. काढून झालं की दोन रेघांमधली जागा २बीने भरावी. शिरोरेघ मात्र पूर्ण शब्द झाल्यावरच ओढावी. आधी ओढली तर अक्षरांमधली अंतरं नीट जुळवता येत नाहीत.